अकरावीला बायोलॉजी घेतलीय, पुढे काय वाढून ठेवलंय?

प्रश्न काटोलच्या एका मुलीचा आहे. दहावी मराठी माध्यमातून, मार्क उत्तम, विज्ञान भाग दोन हा आवडीचा विषय. आता नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळालाय आणि तिनं बायोलॉजी निवडली आहे. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बायोलॉजी म्हणजे निव्वळ पाठांतर का, इंग्रजीतून झेपेल का, आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे नीटचा, क्लास लावलाच पाहिजे का. शेवटी तिच्या बाबांनी एक ओळ जोडली आहे: रोज अपडाऊन करावं की नागपुरात खोली करावी?

बेटा, मी नागपुरात 27 वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आहे. तुझ्यासारख्या मुली दरवर्षी येतात, पहिल्या बाकावर बसतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच जणी गप्प झालेल्या असतात. हुशारी कमी पडते असं मुळीच नाही. दहावीला ज्या पद्धतीनं मार्क मिळाले तीच पद्धत त्या इथं लावतात, आणि ती इथं चालत नाही.

उदाहरणच घे. दहावीला तुला सूत्री विभाजनाच्या चार अवस्था पाठ होत्या: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. प्रत्येकीची दोन-दोन वाक्यं लिहिली की काम भागत होतं. अकरावीला हाच धडा पुन्हा येतो. पण आता प्रश्न असा येतो की गुणसूत्रं मधोमध रांगेत येण्याआधीच ओढली गेली तर नव्या पेशींचं काय होईल? किंवा गुणसूत्रं ओढणारे धागे, म्हणजे स्पिंडल, तयारच होऊ दिले नाहीत तर? याचं उत्तर पाठ केलेल्या आठ वाक्यांत नाही. कशानंतर काय होतं आणि ते तसंच का होतं, हे डोळ्यांसमोर असेल तरच ते सुचतं. पुढची दोन वर्षं हेच चालणार आहे. अकरावीला 16 धडे, बारावीला 15, आणि त्यातल्या बहुतेकांत काही ना काही घडत असतं. पाणी चढतं, रेणू तुटतो, संदेश जातो, पेशी दुभंगते. घडण्याचा क्रम पकडलास की नावं त्याच्या मागून येतात. नावं आधी पाठ केलीस तर क्रम कधीच हाती लागत नाही.

हे मलाही उशिरा कळलं. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी वर्गात नोट्स उतरवून द्यायचे. मुलं खूश, पालक खूश. एकदा प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड लावली होती. ज्याच्या वहीतल्या आकृत्या छापल्यासारख्या असायच्या, तो मुलगा मायक्रोस्कोपला पाच मिनिटं डोळा लावून बसला आणि म्हणाला, "मॅडम, इथं तर सगळं सरमिसळ दिसून राहिलं. यात पहिलं कोणतं?" त्याचं अगदी बरोबर होतं. पुस्तकातल्या पेशी क्रमानं उभ्या असतात, मुळाच्या टोकातल्या नसतात. मी त्याला क्रम दिला होता, तो शोधायचा कसा हे दिलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून मी नोट्स देणं थांबवलं.

हे प्रॅक्टिकल तुझ्याही वाट्याला येणार आहे, म्हणून जरा नीट सांगते. काचेच्या ग्लासात पाणी भरायचं आणि वर कांदा असा ठेवायचा की त्याचं बूड जेमतेम पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. ती सकाळी कापायची, कारण तेव्हा विभाजनं जास्त सापडतात. मग ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात एक दिवस ठेवायची, म्हणजे पेशी जिथं आहेत तिथंच थिजतात. नंतर वॉच ग्लासमध्ये ॲसेटोकार्मिन या लाल रंगाचे दोन-तीन थेंब, एक थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि स्पिरिटच्या दिव्यावर हलकीशी ऊब. उकळी येऊ द्यायची नाही. मुळाचं अगदी टोक गडद लाल होतं. तेवढं दोन-तीन मिलिमीटर घ्यायचं, बाकीचं टाकून द्यायचं. मुली इथंच चुकतात. लांबलचक तुकडा घेतात आणि मग विभागणारी एकही पेशी दिसत नाही, कारण विभाजन चालतं ते टोकाशीच. कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागद धरायचा आणि अंगठ्यानं सरळ दाबायचं. अंगठा आडवा सरकला की पेशींची घडी पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता बघ. शेकडो पेशी दिसतात, पण बहुतेकींच्या मध्ये नुसता एक गोल डाग. विभागणाऱ्या मोजक्याच. मी वर्गाला विचारते, असं का? आणि उत्तर येईपर्यंत थांबते, कधी कधी दहा मिनिटं. मग कोणीतरी हळूच म्हणतं की पेशीचा जास्त वेळ तयारीतच जात असेल. बस्स, हेच. समज 200 पेशी मोजल्या आणि त्यातल्या 20 विभागताना सापडल्या. एका पेशीचं पूर्ण चक्र 20 तासांचं धरलं, तर विभाजनाला साधारण दोन तास लागतात. घड्याळ न लावता, मेलेल्या पेशी मोजून, वेळ काढता आली. ज्या मुलीनं हे स्वतः मोजलं तिला पुढे इंटरफेजचे, म्हणजे त्या तयारीच्या काळाचे, टप्पे पाठ करायला सांगावं लागत नाही.

तू काटोलची आहेस, म्हणजे तुझ्या घरी नाही तर शेजारी संत्र्याची बाग असेलच. बारावीच्या पहिल्याच धड्यात, वनस्पतींच्या प्रजननात, पॉलिएम्ब्रिओनी हा शब्द येईल आणि उदाहरण म्हणून संत्र्याचं कुळ. एका बीमध्ये एकाहून जास्त भ्रूण. लेव्हेनहुकनं हे 1719 मध्ये संत्र्याच्याच बियांत पाहिलं होतं. तू घरी बघ. बी रात्रभर भिजव, वरची साल आणि आतला पातळ पापुद्रा नखानं काढ. आत एकमेकांना चिकटलेले हिरवट तुकडे दिसतील, एक मोठा आणि बाकीचे बारके. त्यातला एक फलनातून आलेला असतो. बाकीचे थेट आईच्या उतीतून उगवलेले, म्हणजे हुबेहूब आईसारखे.

आता शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांत काय करतात ते आठव. जंभेरी या रानटी लिंबाच्या बिया पेरून खुंट तयार करतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाची रोपं बियांपासून केलेली असूनही सगळी एकसारखी कशी निघतात? कारण जंभेरीतही बहुतेक रोपं त्या आईच्या उतीतल्या भ्रूणांची असतात. जे रोप फार खुरटं किंवा वेगळंच दिसतं ते नर्सरीवाला उपटून फेकतो. बायोलॉजीचा एकही धडा न शिकता तो फलनातून आलेलं वेगळं रोप बाजूला काढत असतो. तुझ्या बाबांना विचार, आंबिया बहारासाठी बागेला ताण का देतात, म्हणजे पाणी का बंद करतात, आणि ताण तोडल्यावर काही दिवसांनी झाड फुलानं कसं भरतं. वनस्पती आणि पाणी, वनस्पतींची वाढ, हे दोन्ही धडे तुला अर्धे तिथंच भेटतील. शहरातल्या मुलींना मी हे फळ्यावर काढून दाखवते. तुला ते रोज दिसतं, आणि हे तुझं मोठं भांडवल आहे.

कापसाचंही तसंच. बायोटेक्नॉलॉजीच्या धड्यात बीटी कापूस येतो. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यापासून तयार झालेलं प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याला भोकं पडतात. पुस्तकात एवढं असतं आणि मुलं एवढंच लिहितात. मी पुढे जाते. आपल्याकडे या कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं शेतंच्या शेतं पोखरली. का? बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक पुडी यायची, ती कडेनं पेरायची असायची. पुष्कळांनी ती पेरलीच नाही. ती पुडी कशासाठी होती, हे सांगायला तुला तीन धडे एकत्र आणावे लागतील. बिगर-बीटी ओळींवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात, आणि प्रतिकार अप्रभावी जनुकातून, म्हणजे आईबाप दोघांकडून आलं तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकातून, येत असेल तर पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. त्या ओळीच नसल्या तर प्रतिकारक अळ्यांच्याच पिढ्या वाढत जातात. आनुवंशिकता, उत्क्रांती आणि बायोटेक्नॉलॉजी, सगळं एका धुऱ्यावर. कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, वर्धा रोडला. कॉलेजची भेट ठरली तर घरी बसू नकोस.

आणि सिकलसेल. आपल्या विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे, म्हणून मी तो फार जपून शिकवते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. जनुकाच्या संदेशात, म्हणजे एमआरएनएत, जीएजीचं जीयूजी झालं, एक अक्षर बदललं, बस्स. पण त्या एका अक्षरामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मूल रात्रभर हातपाय दुखतात म्हणून रडतं. अक्षरापासून रडण्यापर्यंत ही सगळी साखळी न अडखळता सांगता आली, तर बारावीचा एक मोठा आणि अवघड धडा, मॉलिक्युलर बेसिस ऑफ इन्हेरिटन्स, तुला समजला.

त्याच्याच पुढे थोडं गणित आहे. त्याला घाबरायचं नाही. समज एखाद्या समूहात शंभरात एकाला असा एखादा अप्रभावी आजार आहे. त्या अप्रभावी जनुकाचं प्रमाण क्यू आणि त्याच्या प्रभावी जोडीदाराचं पी धर. म्हणजे क्यू वर्ग 0.01, क्यू 0.1, पी 0.9. मग वाहक किती? दोन गुणिले 0.9 गुणिले 0.1, म्हणजे 0.18. एका आजारी मुलामागे अठरा जण असे, ज्यांना स्वतःला काही त्रास नाही पण पुढच्या पिढीत ते जनुक देऊ शकतात. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा असं का सांगतात, ते मला वेगळं समजवावं लागत नाही. एका वर्षी एक मुलगी तासानंतर थांबली. ती स्वतः वाहक होती आणि घरात सगळे तिला आजारी समजत. तिनं ही वही घरी नेऊन आजीला दाखवली. वर्गात कोणालाही कधी असं विचारू नकोस, कोणी आपणहून सांगितलं तर ऐक.

आता पाठांतराचं खरं खरं सांगते, नाहीतर तू म्हणशील मॅडमनी फसवलं. पाठांतर आहे, भरपूर आहे. वनस्पतिसृष्टी आणि प्राणिसृष्टीच्या धड्यांत नावांचा पाऊस पडतो. कोणता प्राणी कोणत्या संघातला, त्याचं शास्त्रीय नाव काय, हृदयाला कप्पे किती. यात समजण्यासारखं फार नसतं, घोकावंच लागतं. माझा अनुभव असा की हे धडे एका बैठकीत करायला गेलं की डोकं बधिर होतं. रोज पंधरा मिनिटं, एक संघ, आणि दर रविवारी मागचे सगळे पुन्हा. बाकी बहुतेक धड्यांना मात्र एकच गोष्ट लागू पडते. पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा, आकृती काढायची आणि बाणांनी क्रम दाखवायचा. हृदयातून रक्त कुठून कुठं जातं, प्रकाशसंश्लेषणातल्या केल्विन सायकलमध्ये एक ग्लुकोज तयार व्हायला 18 एटीपी आणि 12 एनएडीपीएच कुठं कुठं खर्च होतात. जिथं बाण अडला तिथंच पुस्तक उघडायचं. नुसतं हायलायटर फिरवत वाचलं की सगळं येतं असं वाटतं. परीक्षेत कळतं की काहीच आलेलं नाही.

इंग्रजीचं. पहिले तीन महिने त्रास होईल, हे धरूनच चाल. पण वाटतं तेवढा तो मोठा नाही, कारण तुझ्याकडे कल्पना आधीच आहेत, फक्त त्यांची नावं बदलणार आहेत. तंतुकणिकेला मायटोकाँड्रिया म्हणायचं, विकराला एन्झाइम, प्रतिलेखनाला ट्रान्सक्रिप्शन, भाषांतरणाला ट्रान्सलेशन. दहावीचं पुस्तक फेकू नकोस. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने कर, एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी. इंग्रजी शब्द फोडून बघायची सवय लाव. ग्लायकोलायसिसमध्ये ग्लायको म्हणजे साखर आणि लायसिस म्हणजे फोडणं. हाच लायसिस पुढे हायड्रोलायसिसमध्ये भेटतो, प्लास्मोलायसिसमध्ये भेटतो. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, आयसो म्हणजे समान. असे तीस-चाळीस तुकडे आले की नवा शब्द बघून धडकी भरत नाही. आधी मराठीत समजून घे, स्वतःशी मराठीत बोल, मग छोट्या-छोट्या इंग्रजी वाक्यांत लिही. बोर्डाला लांबलचक इंग्रजी नको असतं, मुद्दे हवे असतात. दर आठवड्याला एक उत्तर लिहून शिक्षकांना दाखव. न विचारता तपासून देणारे कमी, पण विचारल्यावर नाही म्हणणारे त्याहून कमी.

परीक्षांबद्दल थोडक्यात. बोर्डाची लेखी 70 मार्कांची, प्रॅक्टिकल 30. लेखीत एक, दोन, तीन आणि चार मार्कांचे प्रश्न असतात आणि दोन मार्कांपासून पुढे पर्याय मिळतो. राज्याच्या प्रवेशपरीक्षेला, सीईटीला, बायोलॉजीचे 100 प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, चुकलं तर कापत नाहीत. नीटला बायोलॉजीचे 90 प्रश्न 360 मार्कांना, म्हणजे 720 पैकी निम्मे, आणि चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या, पुस्तकाला धरून येतात. ओळीच्या ओळी तिथल्या असतात, म्हणून राज्य मंडळाच्या मुलीनं ती पुस्तकं शेजारी ठेवलीच पाहिजेत. एक गोंधळ आधीच सांगून ठेवते. श्वसन आणि रक्ताभिसरण, तसंच नियंत्रण आणि समन्वय हे धडे आपल्याकडे बारावीला आहेत, एनसीईआरटीत अकरावीला. क्लासमध्ये हृदय यंदा शिकवतील आणि कॉलेजात पुढच्या वर्षी. दरवर्षी मुली घाबरून येतात की मॅडम, आमचा पोर्शन मागे पडला. मागे पडलेला नसतो, फक्त क्रम वेगळा असतो.

क्लास लावावा का? डॉक्टर व्हायचंच असेल आणि घरची ऐपत असेल तर लाव. पण ऐपत बेताची असेल तर माझा स्पष्ट सल्ला, पैसे फिजिक्सवर खर्च कर. बायोलॉजी मनापासून आवडणाऱ्या, त्यात भरभरून मार्क घेणाऱ्या किती मुली फिजिक्सनं अडवलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं मला फार वाईट वाटतं. बायोलॉजी तू पुस्तक, वही आणि एका चांगल्या शिक्षकाच्या भरवशावर करू शकतेस. आणि ज्या ठिकाणी कॉलेज फक्त कागदावर असतं, मुलं दिवसभर क्लासमध्ये बसतात आणि जर्नल परीक्षेच्या आठवड्यात एकमेकांचं बघून भरतात, तिथं जाऊ नकोस. माझ्या नात्यातल्याच एका मुलीची दोन वर्षं अशी गेली. बारावी झाली, मार्कही आले, पण पुढे बीएस्सीला जाईपर्यंत तिनं मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवलेला नव्हता. आणि एमबीबीएस हा एकच रस्ता नाही. पशुवैद्यकीयचं विद्यापीठ नागपुरातच आहे, कृषी आहे, फार्मसी आहे. बागायतीच्या घरातल्या मुलीनं कृषीकडे दुय्यम म्हणून बघू नये असं मला मनापासून वाटतं.

आता बाबांचा प्रश्न. दादा, काटोल-नागपूर साठेक किलोमीटर आहे, गाडी आहे, आमच्याकडे कित्येक मुली रोज अपडाऊन करतात. घरचं जेवण आणि घरची झोप सोळाव्या वर्षी फार मोलाची असते. अकरावीची पहिली टर्म तिला अपडाऊन करू द्या. येण्याजाण्यात दिवसाचे तीन तास तरी जातील. परतीच्या गाडीत ती त्या दिवशीची आकृती कोऱ्या कागदावर काढू शकली तर ते तास वाया गेले असं समजू नका. पण थकून झोपतच असेल, किंवा प्रॅक्टिकलची बॅच सकाळची असेल आणि पहिल्या गाडीनंही पोहोचता येत नसेल, तर दिवाळीनंतर कॉलेजजवळ मुलींचं वसतिगृह बघा. खोली एकटीला करून देऊ नका. आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक कांदा आणि एक ग्लास तिला द्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायला.